तास संपेपर्यंतचा समुद्र

माझ्या नातीचं, शालनचं, बारसं झालं त्या साली, म्हणजे १९९२ साली, आमच्या हायस्कुलात समुद्र शिरला. आमचा गाव माणदेशातला, तिथं विहिरीलासुद्धा पाणी नसतं. पण नववीच्या वर्गात, बाकांच्या दोन रांगांमध्ये, घोट्याएवढं खारं पाणी उभं होतं. मुलांनी चपला बाकांवर ठेवल्या आणि वनिताबाईंनी इतिहासाचा तास सुरू केला.

मी शाळेचा शिपाई. मुलं आप्पा म्हणायची. तास संपला की घंटा देणं माझं काम. त्याच साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, मी अक्षरं शिकलो होतो.

धडा महायुद्धाचा होता. बाईंनी डावी रांग जपान केली, उजवी अमेरिका. एकच दिवस दोघांनी आपापल्या बाजूनं सांगायचा.

"बाई, मी बसू का?" मी दारातून विचारलं.

"या की. कुठल्या देशात बसता?"

"माझा थोरला भाऊ हैबती पलटणीत होता. जपान्यांनी धरला, जहाजाच्या तळाला कोंडला. ते जहाज अमेरिकेनं बुडवलं."

बाईंनी दोन रांगांमधली जागा दाखवली. "मग मध्ये बसा."

मी पाण्यात स्टूल ठेवलं.

मला फक्त दिवस हवा होता. सरकारी कागदात 'बेपत्ता' एवढंच होतं. त्या जहाजातून वाचून आलेल्या सोबत्याला तळातल्या अंधारात दिवस कळला नव्हता. तिथी नाही म्हणून आई दरसाल सर्वपित्रीला सगळ्यांबरोबर दादाचंही पान ठेवायची. कावळा बाकीची पानं शिवायचा, दादाचं नाही. "दुसऱ्याच्या दिवशी त्यो कसा जेवंल?" आई म्हणायची. मरताना तिनं माझं मनगट धरलं. "त्याचा दिवस शोध."

"आपापल्या पुस्तकात आप्पांचं जहाज काढा," बाई म्हणाल्या. "जपान?"

डावीकडचा चंदर उठला. "दहा ऑक्टोबर चव्वेचाळीस. पहाट. आमचं एक जहाज बुडालं."

मी बोटांवर मोजलं. वद्य नवमी.

"अमेरिका?"

सगुणा उठली. "नऊ ऑक्टोबर. दुपार. आम्ही एक जहाज बुडवलं."

वद्य अष्टमी.

"ए, तुमचं कॅलेंडर फाटलंय का?" चंदर म्हणाला.

"तुझं जहाज फुटलंय, आधी ते बघ."

वर्ग हसला.

"दोघांचंही बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "जपानात उजाडतं तेव्हा अमेरिकेत आदली दुपार असते."

त्या हसण्याबरोबर रांगा एकमेकींपासून दूर सरकू लागल्या. भिंतीही सरकल्या. चंदर करंगळीएवढा झाला. पाणी माझ्या गुडघ्याला लागलं.

"आत कोण होतं?" मी ओरडलो.

दोन्हीकडून पानं उलटल्याचा आवाज आला. उत्तरं पोचायला वेळ लागला.

"आमच्यात रबर लिहिलंय, आप्पा. आणि तांदूळ."

"आमच्यात जहाजाचं वजन लिहिलंय. माणसं न्हाईत."

तेव्हा स्टुलाखालून कुणीतरी ठोकलं. दोनदा, आणि थांबून एकदा. रानातून आला की दादा असंच दार ठोकायचा.

"गणपा, उघड रं," तो खालून म्हणाला. "किती वेळ?"

"कडी माझ्या बाजूला न्हाई, दादा."

"मग आईला उठीव."

त्यानं पुन्हा ठोकलं.

"आप्पा, तास संपला," बाईंचा आवाज फार लांबून आला. "घंटा द्या."

घंटा माझ्या डोक्यावर टांगलेली होती. तिथं ती कुणी टांगली नव्हती. घंटेचा हातोडा माझ्या मांडीवर होता.

"थोडं थांबा, बाई. घंटा दिली की जहाज कुठं जाईल?"

"ते गेलेलंच आहे, आप्पा."

"आत्ता ठोकतोय तो."

पाणी बाकांवर चढलं. चपला तरंगू लागल्या. सगुणा बाकावर उभी राहिली, तरी तिच्या कमरेला पाणी होतं. ती नववीतली पोर. दादा गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

"आप्पा, लवकर," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती.

मी दोनदा टोल दिला, आणि थांबून एकदा.

खालून उत्तर आलं नाही.

फरशी कोरडी होती. मुलं चपला घालत होती. बाईंनी माझ्या हातात खडू दिला. खिडकीत एक कावळा येऊन बसला होता. मी फळ्यावर एकेक अक्षर जुळवत लिहिलं:

हैबती धोंडी माने वारला. ९ ऑक्टोबर १९४४, दुपारी. १० ऑक्टोबर १९४४, पहाटे.