गोदूची खंडेनवमी

खंडेनवमीला भिवंडीच्या नारपोलीतला एकूणएक लूम, म्हणजे कापड विणायचा यंत्रमाग, झेंडूच्या माळा घालून नटतो. मालक मजीदशेठ सुट्टी द्यायचे, कामगार पूजा करायचे आणि गोदूला लांब उभं करायचे ते तिचेच भाऊबंद. का, तर ती विधवा! लूम वर्षभर तिने चालवायचा, पण पूजेच्या ताटाला तिचा हात नको. वा रे न्याय!

यंदा मात्र तिने पक्कं ठरवलं, पूजा आपल्या हाताने करायचीच. भिवंडीत नवं युद्ध संग्रहालय उघडलं होतं. त्याच्या अंगणात आणून ठेवलेल्या तोफेवरच तिचा नवरा सागर लढताना गेला होता. लेक मेघाली तिथेच नोकरीला. पाहुण्यांसाठीची माहितीपुस्तिकाही तिनेच लिहिलेली. ताट घेऊन आलेल्या आईला बघून तिचं धाबं दणाणलं.

"आई, हात लावायचा नाय तोफेला. पुस्तिकेत मीच लिहिलंय तसं."

"तू लिव्हलंस ते पावण्यांसाठी. मी काय पावणी हाय?"

तेवढ्यात व्यवस्थापक आले. अनंता हवालदार, फौजेतून निवृत्त झालेले. गोदू भांडणाच्या तयारीनेच उभी राहिली, पण ते चक्क हसले.

"वहिनी, आमच्या पलटणीतही आज शस्त्रपूजा असते. करू की! फक्त घरातलं कुणी पुरुष माणूस बोलवा. ताट त्यांच्या हाती देऊ, तुम्ही मागे उभ्या राहा. रीतही पाळली जाईल."

गोदूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस वाईट नव्हता, म्हणून तर जास्तच.

"घरातला पुरुष? तो ह्याच तोफेवर लढताना मेला, साहेब. मारा हाक, येतो का बघा. न्हाय आला तर माझी वाट सोडा."

अनंता गोरेमोरे झाले. "मेघाली, जरा समजाव आईला."

मेघालीला नोकरी जायची भीती होतीच. तरी ती पुढे झाली आणि तोफेभोवतीची दोरी तिने स्वतःच्या हाताने सोडली. "जा आई. कर तू."

गोदूने नळीवर कुंकवाची बोटं ओढली, झेंडू वाहिला, नारळ फोडला. मग दोन्ही तळवे लोखंडावर टेकून, माणसं बघतायत ते बघू देत म्हणत, लग्नानंतर पहिल्यांदाच तिने उखाण्याशिवाय, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशी नवऱ्याला नावाने हाक मारली, "सागर!"