गूळ वगळावा

गणपतीच्या दिवसांत माझ्या सासूबाईंना ताप आला. आठवड्यात उतरला, पण जाताना त्यांची वासाची आणि चवीची जाणीव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत परत येईल, किंवा येणारही नाही. त्यावर औषध असं काही नव्हतं.

जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं राहतो. सासूबाई, म्हणजे वैजयंती. सासरे कुंडलिकराव, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. माझा नवरा ऋतुराज, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. आणि मी, सृष्टी. मी सात रस्त्याजवळ एका विमा कार्यालयात काम करते. स्वयंपाक मात्र पहिल्यापासून सासूबाईंचा. आमटीत मीठ पडलंय की नाही हे त्या नुसत्या वासावरून सांगायच्या.

आजारानंतरही त्यांनी नेहमीसारखा स्वयंपाक सुरू केला. एकदा पिठल्यात दोनदा मीठ पडलं. सासरे निमूट जेवले आणि वर तांब्याभर पाणी प्यायले. सासूबाईंनी ते पाहिलं. दोन दिवसांनी त्या ओट्यापाशीच शेंगदाणे निवडत बसल्या होत्या आणि मागे दूध करपून पातेलं काळं झालं. बाहेरून आलेल्या मला जिन्यातच वास आला. त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी गॅस बंद केला आणि म्हणाल्या, आता तूच बघ.

दोन आठवडे मी सकाळी उठून दोन्ही वेळचं करून ऑफिसला जात होते. त्या गॅलरीत बसून निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायच्या.

मग एका रविवारी फळीवरचे कागद बदलताना एक जुनं पाककृतींचं पुस्तक निघालं. त्यांना लग्नात मामींनी दिलेलं, पुढची पानं गेलेली. पुस्तक बघून भाजी करायची वेळ आपल्यावर आली नाही, असं त्या नेहमी अभिमानानं म्हणायच्या. त्या दिवशी मात्र त्या चष्मा लावून दुपारभर वाचत बसल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "यात सगळं मापात दिलंय बघ. मीठ किती, तिखट किती. चाखायची गरजच न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मापाचे चमचे मागवून घेतले. उरलेल्या पहिल्या पानापासून क्रमानं, रोज रात्री एक पदार्थ करायचा असं ठरलं. भोपळ्याचं भरीत, अळूचं फदफदं, वांग्याची रसभाजी. साडेआठला सगळ्यांनी एकत्र बसायचं हाही त्यांचाच नियम. त्या गॅसपाशी परत उभ्या राहिल्या याचंच आम्हाला इतकं बरं वाटलं की बाकी आम्ही काही बोललो नाही.

बोलण्यासारखं होतं. पुस्तक लिहिणाऱ्या बाईंचा हात गोडाकडचा होता. प्रत्येक भाजीत लिंबाएवढा गूळ, सहा माणसांना दोन हिरव्या मिरच्या. आमचं घर काळ्या मसाल्याचं आणि शेंगाचटणीचं. मोहोळकडच्या माहेरातून आलेल्या सासूबाईंनी आयुष्यात वांग्यात गूळ घातला नव्हता, आणि आता घालत होत्या तर तो त्यांना कळत नव्हता. रोज त्या विचारायच्या, कसं झालंय. रोज आम्ही तिघं म्हणायचो, छान. मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये चटणीची डबी ठेवली होती. ऋतुराज कारखान्याबाहेरच्या गाड्यावर भजी खाऊन घरी यायचा आणि भूक नाही म्हणून एकच भाकरी घ्यायचा. सासरे दिलेलं सगळं खायचे.

पंधरवड्यानंतर सासूबाईंनी खालच्या गिरिजाबाईंना वाटीभर वांग्याची भाजी दिली. गिरिजाबाई स्पष्ट बोलणाऱ्या. वाटी परत द्यायला आल्या आणि हसत म्हणाल्या, "वैजूताई, वांग्याची खीर केलीया व्हय? लई गोड हाय की."

संध्याकाळी मी आले तेव्हा गॅस पेटलेला नव्हता. साडेआठला चार रिकामी ताटं मांडलेली होती आणि मध्ये पुस्तक. आम्ही बसलो. सासूबाईंनी गिरिजाबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, हे रोजच असं होतं का? कुणी मान वर केली नाही.

"माझी जीभ तापानं नेली," त्या म्हणाल्या. "तुमची कशानं गेली?"

ऋतुराज म्हणाला, "आई, तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतंच. वाटून घेतलं असतं की."

सासऱ्यांनी रिकामं ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "तू पुन्हा उभी राहिलीस, मला तेवढ्यानंच पोट भरल्यासारखं झालं. पण गूळ लई असतो, हे खरं हाय."

त्या उठून आत गेल्या. मी खिचडी टाकली. त्या जेवायला आल्या आणि जेवून पुस्तक घेऊन आत गेल्या.

सकाळी त्यांनी सासऱ्यांच्या हातात पेन्सिल दिली. आजपासून जेवायच्या आधी त्यांनी चाखायचं आणि पुस्तकात लिहायचं. आम्ही दोघांनीही खरं बोलायचं. सासऱ्यांनी आयुष्यभर फायलींवर शेरे मारलेले. ते समासात बारीक अक्षरात लिहू लागले: 'गूळ वगळावा.' 'मिरच्या दोनऐवजी सात.' 'काळा मसाला दीड चमचा, शेंगदाण्याचं कूट अर्धी वाटी. मंजूर.'

खरं बोलणं वाटलं तितकं सोपं गेलं नाही. एकदा मी आमटी पांचट आहे म्हणाले, तर त्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. मी ऑफिसातून फोन केला, तोही उचलला नाही. रात्री मात्र तीच आमटी पुन्हा ताटात होती, आणि माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, आज? आज बरी होती. ऋतुराजला मीठ कमी वाटायचं तेव्हा मला पुरेसं वाटायचं. मग सासरे दोघांच्या मधलं माप लिहायचे. गूळ सगळीकडून गेला असंही नाही. डाळिंब्यांच्या उसळीला सासऱ्यांनी दोनदा वाढून घेतलं आणि समासात काहीच लिहिलं नाही. सासूबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, ही बाईंनी लिहिलीय तशीच राहू दे. सासूबाईंना ते फारसं रुचलं नाही, पण उसळ आता महिन्यातून दोनदा होते.

फेब्रुवारीत एका सकाळी मी केस विंचरत होते. सासूबाई हिंगाची डबी घेऊन दारात आल्या. डबी नाकाशी धरून म्हणाल्या, "सृष्टी, यात कायतरी हाय." मी विचारलं, हिंगासारखं वाटतंय का? त्यांनी पुन्हा हुंगलं. हिंगासारखं नाही, पण कायतरी हाय, एवढंच त्या सांगू शकल्या. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे, घाई करू नका.

त्याला आता तीन महिने झाले. हिंग आणि लसूण एवढ्यांचाच वास त्यांना येतो, तोही काही दिवशी. मीठ अजून कळत नाही. त्या स्वयंपाक मापानंच करतात. परवा पुस्तकातलं गोडाचं प्रकरण लागलं आणि पहिलाच पदार्थ शिरा निघाला. सासऱ्यांनी चव घेतली आणि पेन्सिल उचलली. साखर कमी करावी, असं त्यांचं मत पडलं. ऋतुराज म्हणाला, आहे ती बरोबर आहे. दोघांची जुंपली, तोवर सासूबाईंनी माझ्या ताटात वाढलं आणि म्हणाल्या, "ह्यांचं राहू दे. तू सांग."