सुभद्राबाईंच्या फोनचं कुलूप

फोन बंद करून पुन्हा चालू केला, तरी ते उघडं कुलूप आलंच. काळ्या पडद्यावर, कंपनीच्या नावाखाली, कडी वर झालेलं इवलंसं कुलूप आणि त्याखाली इंग्रजीत काहीबाही. सुभद्राबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण उघडं कुलूप ओळखायला इंग्रजी कशाला लागतं?

त्यांनी फोन विनोदिनीबाईंपुढे धरला. विनोदिनीबाई समोरच्या घरात राहायच्या. मागच्या वर्षी त्यांच्या जावयाला फोनवरून कुणीतरी गंडवलं होतं, तेव्हापासून फसवणूक या विषयात सगळी गल्ली त्यांचाच सल्ला घ्यायची. त्यांनी चष्मा वर-खाली करून कुलूप नीट न्याहाळलं आणि विचारलं, "हे केलं कुणी?"

"सुनेनं," सुभद्राबाई म्हणाल्या.

"मग झालंच," असं म्हणून विनोदिनीबाईंनी फोन परत दिला. जे काय सांगायचं ते त्यांनी तेवढ्यातच सांगून टाकलं.

सून म्हणजे गुंजन. माहेर बागलीचं. घर मराठी पण शाळा हिंदी, त्यामुळे मराठी वाचताना अडखळायची आणि बोलताना अर्ध्या वाक्यात हिंदीवर घसरायची. लग्नाआधी भावाच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायची, म्हणून फोनच्या पोटातलं तिला कळायचं. सुभद्राबाईंचा मुलगा अंकुर पीथमपूरच्या कारखान्यात होता, रविवारी तेवढा देवासला यायचा. बाकीचे दिवस घरात या दोघीच. सुभद्राबाई मशीनवर देवांचे पोशाख शिवायच्या. देवीच्या टेकडीखालच्या दुकानांतून बाळकृष्णाचे झगे, देवीच्या ओढण्या, जरीचा गोटा लावलेले शेले अशा मागण्या बारमाही असत. यजमान शिवाजीराव गेले त्यानंतर या मशीननंच घर सावरलं होतं.

फोन अंकुरचा जुना. कंपनीनं त्याला नवं काही पाठवणं बंद केलं होतं आणि जाहिराती पाठवणं मात्र चालू ठेवलं होतं. शिवता शिवता एकदा सुभद्राबाईंचं बोट अशाच एका जाहिरातीवर पडलं, तर पुढे महिनाभर कर्ज घ्या म्हणून फोन येत राहिले. तेव्हा गुंजन म्हणाली होती की हा फोन खोलून, कंपनीचं सगळं काढून, दुसरी साफ सिस्टिम घालते. तिनं कंपनीकडे अर्ज केला, कंपनीनं आठवडाभर थांबायला लावलं, मग एका दुपारी तिनं फोन संगणकाला जोडला.

जोडण्याआधी तिनं सगळं सांगितलंही होतं. "आई, इसमें नुकसान भी है. आतलं सगळं उडेल, फोटो मी काढून ठेवते. बँकेचं ॲप चालणार नाही, ते खुल्या फोनवर भरोसा करत नाही. और चालू करताना खुलं कुलूप दिसेल, घाबरू नका." सुभद्राबाई तेव्हा सुईत दोरा ओवत होत्या. दोरा ओवताना त्या सगळ्यालाच हो म्हणतात.

फोन हलका झाला, जाहिराती गेल्या. आणखी एक चांगली गोष्ट झाली. सुभद्राबाईंची लेक शिखा धारला दिली होती, ती रोज दुपारी फोन करायची. धारला नेटवर्क धड नाही असं सुभद्राबाईंचं ठाम मत होतं, कारण शिखाचं बोलणं कधी नीट ऐकूच यायचं नाही. आता तिचा शब्द न् शब्द कळू लागला. धारचं नेटवर्क एकदाचं सुधारलं, असं त्यांनी अंकुरलाही सांगितलं.

पण विनोदिनीबाईंनी फोन परत दिला त्या दिवसापासून मनात पाल चुकचुकायला लागली. बँकेचं ॲप खरंच चालेना. गुंजन म्हणाली, "माझ्या फोनवर करून देऊ?" यात एरवी काही वावगं नव्हतं. आता मात्र सुभद्राबाईंनी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं आणि नको म्हणाल्या. मग एक दिवस फोन चालू झाल्यावर पडद्याच्या तळाशी हिंदीत एक पट्टी येऊन गेली. आधी कसलंसं इंग्रजी नाव आणि पुढे 'अनुमति दी गई'. हिंदी त्यांना उत्तम वाचता यायचं. परवानगी दिली, पण कुणी दिली आणि कुणाला? त्यांनी तर कुणाला काहीच दिलं नव्हतं.

आणि एकदा संशय आला की मागचं सगळं आठवायला लागतं. शिखाला त्या म्हणाल्या होत्या की आमच्या सूनबाईंच्या आमटीत गुळाचा खडा म्हणून पडत नाही. दुसऱ्याच दिवशी आमटीत गूळ. म्हणाल्या होत्या की दिवेलागणीला केस विंचरते, वळण म्हणून नाही. त्या आठवड्यापासून गुंजन सकाळीच वेणी घालायला लागली. हे सारं फोन उघडण्याच्या कितीतरी आधीचं होतं, पण संशय काही पंचांग बघून येत नाही. सुभद्राबाईंचा हिशेब झाला. आपण शिखाशी काय बोलतो ते ही पोरगी फोनमधून ऐकते.

आता कुणी म्हणेल, ऐकलं तर ऐकलं, त्यात एवढं काय? पण खाई त्याला खवखवे. रोज दुपारी त्या शिखाशी बोलत त्यातलं निम्मं सुनेबद्दलच असायचं. फार वाईट काही नाही, आपलं तिचं जेवण, तिचं हिंदी, तिचं माहेर. लेकीपाशी मन मोकळं करावं, एवढीच काय ती त्यांची चैन. फोनचा स्पीकर फाटला होता तो त्यांनी मुद्दाम दुरुस्त करून घेतला नव्हता, घरभर ऐकू जायला नको म्हणून. आता ती चैनही गेली आणि वर घरातच पाळत.

त्यांनी सापळा लावला. शिखाला फोनवर अगदी हळू आवाजात सांगितलं की माझ्या पाटल्या तुलाच देणार, गुंजनला नाही. शिखा खूश झाली. सुभद्राबाई संध्याकाळभर सुनेचं तोंड निरखत बसल्या. गुंजननं भाकरी वाढली, वर लोणी घातलं, उद्या गोटा आणायचा का विचारलं. दुसऱ्या दिवशीही तेच. चेहऱ्यावर रेघ हलली असती तरी सुभद्राबाईंना जरा हायसं वाटलं असतं. ती हलली नाही, तेव्हा त्यांची खात्रीच पटली की पोरगी आतल्या गाठीची आहे.

तिसऱ्या दिवशी गोटा आणायला म्हणून त्या बाहेर पडल्या आणि थेट बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात गेल्या. ओळखीच्या दुकानात गेल्या असत्या तर गुंजनला कळलं असतं. दुकानदार मल्हारराव नावाचा चाळिशीचा माणूस होता. त्यानं फोन चालू केला, कुलूप पाहिलं, पट्टी पाहिली.

"रूट केलाय माई. ताला खुला है और चाबी भी बनी हुई है. ज्याच्या हाती ही चाबी, तो आत काहीही करू शकतो."

"ऐकू शकतो? माझं बोलणं?"

"करायचं म्हटलं तर ऐकू शकतो. केलंय की नाही, ते मी सांगू शकत नाही." तो भला माणूस होता. त्यानं हेही सांगितलं की कंपनीची जुनी सिस्टिम टाकून पुन्हा कुलूप लावतो, पण आतलं सगळं जाईल. ज्यानं केलंय त्याला एकदा विचारून घ्या, काही कारणानं केलं असेल.

सुभद्राबाई म्हणाल्या, विचारायचं काही नाही, लावा कुलूप.

दुपारी घरी आल्या तेव्हा जीव हलका झाला होता. फोन चालू केला, कुलूप नव्हतं, पट्टी नव्हती. जाहिराती मात्र परत आल्या होत्या. गुंजन स्वयंपाकघरात कणीक मळत होती. वेळेवर शिखाचा फोन आला. सुभद्राबाई पलंगाच्या कडेला बसल्या, फोन कानाला लावला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. धारचं नेटवर्क पुन्हा गेलं होतं. शिखा कुठेतरी लांब पुटपुटत होती.

त्यांनी फोन कानावर दाबला आणि नेहमीसारख्या बोलायला लागल्या. कुलूप लावून घेतलं बाई, आता बसू दे तिला काय ऐकायचंय ते ऐकत, घरात राहून पाळत ठेवते म्हणजे काय, असं बरंच बोलल्या. शिखा काय म्हणाली ते कळलं नाही, पण बरोबरच म्हणाली असणार. फोन ठेवून वळल्या तर दारात गुंजन. हाताला कणीक तशीच.

"आई, फोन लॉक करवून घेतला?"

सुभद्राबाईंनी फोन पदराखाली घेतला. मग राग आला. "तुला कसं कळलं?"

"तुम्हीच सांगितलं ना, आत्ता."

"मी शिखाला सांगितलं."

काय बोलावं ते गुंजननं मनात दोनदा उलटसुलट करून पाहिलं असावं. "रागावू नका आई. तुम्ही फोनवर बोलता ते किचनमध्ये ऐकू येतं. विनोदिनीकाकूंच्या ओट्यावर पण जातं. बीच में तीन महिने नव्हतं येत. आज परत आलं, म्हणून समजलं."

मग तिनं उरलेलं सांगितलं, खाली बघत. फोनचा आवाज कंपनी एका हद्दीपर्यंतच वाढू देते. त्याच्यावर न्यायचा तर फोन रूट करावा लागतो. तिनं कानाशी येणारा आवाज दुप्पट करून ठेवला होता. फोन चालू झाला की ते आवाजाचं ॲप परवानगी घ्यायचं, ती पट्टी त्याचीच. शिखाताईंचं बोलणं नीट ऐकू आलं की तुम्ही आपोआप हळू बोलाल, असं तिला वाटलं होतं, आणि तसंच झालंही होतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"कानाचं कसं सांगणार? तुम्हाला वाईट वाटलं असतं."

जे विचारायची हिंमत नव्हती तेच सुभद्राबाईंनी विचारलं. "आधीचं सगळं ऐकलंस? गुळाचं, केसांचं, तुझ्या आईचं?"

"हो."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही ताईंशी बोलत होतात. माझ्याशी नाही," गुंजन म्हणाली आणि हात धुवायला गेली.

सुभद्राबाई पलंगावर तशाच बसून राहिल्या. त्यांच्या स्वतःच्या सासूबाई ओसरीवर बसून लेकीला ऐकवल्यासारखं करत आणि रोख असे आत चुलीपाशी बसलेल्या सुभद्रेवर. लेकी बोले सुने लागे, ही म्हण त्या माउलीनं उभा जन्म पाळली. आपण असं कधी करणार नाही असं सुभद्राबाईंनी तेव्हा ठरवलं होतं, आणि आपण ते पाळलं असं आजपर्यंत त्या समजत होत्या. आता त्यांना इतकी लाज वाटली की संध्याकाळचा दिवाही गुंजननंच लावला.

रात्री ताटावर दुकानदाराचं सगळं सांगून त्या म्हणाल्या, "ते पुन्हा उघडून दे."

गुंजननं सांगितलं की पुन्हा अर्ज, पुन्हा आठवडाभर थांबणं, पुन्हा सगळं पुसलं जाणार. मग म्हणाली, "और आई, ते दुकानवाले झूठ नाही बोलले. तसा फोन माझ्या हातात असला तर मी खरंच ऐकू शकते. म्हणून विचार करून सांगा."

"कर अर्ज," सुभद्राबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिखाचा फोन आला तेव्हा गुंजन त्यांच्या शेजारी बसून शेल्याला गोटा टाचत होती. सुभद्राबाईंनी फोन कानाला लावला, ती लांबची पुटपुट ऐकली आणि फोन गुंजनपुढे केला.

"तू ऐक. मला सांग ती काय म्हणते."

"आई, तुमचं काही पर्सनल असेल."

"ऐक म्हणते ना."

गुंजननं फोन कानाला लावला. पलीकडे शिखाला याची काय कल्पना? ती बोलत सुटली होती. सुभद्राबाईंना शब्द कळत नव्हते, पण गुंजनचा चेहरा दिसत होता. सापळ्याच्या दिवशी हलली नव्हती ती रेघ आता हलली. ओठ मिटले, कानाची पाळी लाल झाली, हातातली सुई शेल्यातच राहिली. शिखा खूप वेळ बोलली. हे सगळं आपणच तिच्या तोंडी घातलेलं आहे हे सुभद्राबाईंना समजत होतं. त्यांनी हात जोडायचेच काय ते बाकी होते.

गुंजननं फोन किंचित दूर धरला आणि त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "ताई विचारतात, जेवण झालं का."

सुभद्राबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग फोन तिच्या हातात राहू देऊनच त्या पुढे झुकल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "शिखा, फोन गुंजनच्या कानाला आहे. मला ऐकू येत नाही."

गुंजन क्षणभर ऐकत राहिली. "ताई म्हणतात, काय म्हणालीस, समजलं नाही."

बाहेर समोरच्या ओट्यावर विनोदिनीबाई मेथी निवडत बसल्या होत्या. सुभद्राबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पदर सारखा केला, आणि तेच पुन्हा सांगितलं, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात.