दाढेतली चौथी नळी

मित्रांनो, मी दातांच्या दवाखान्यातली एक जुनी एक्स-रे मशीन आहे. सध्या माझा मुक्काम मागच्या खोलीत, पाण्याच्या पिंपाशेजारी. दिवसभरात कोणी आलंच तर झाडू घ्यायला येतं, माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून म्हटलं, तुमच्याशीच दोन शब्द बोलावेत.

मला भिंतीवर बसवलं तेव्हा माझा काय तोरा होता. लांबलचक हात आणि टोकाला नळकांडं. सिस्टर पेशंटच्या तोंडात फिल्म ठेवायच्या, नळकांडं गालाशी आणायच्या आणि दाराबाहेर जाऊन बटण दाबायच्या. डॉक्टरीणबाईंची शिस्त एकच, फोटो सरळ हवा. वाकडा आला की गेला टोपलीत. मलाही माझ्या सरळपणाचा मोठा अभिमान होता.

त्या दिवसांत एक शिवणकाम करणारी बाई यायची. सगळे तिला टेलरताई म्हणत. धागा दातांनी तोडायची तिला सवय. तिच्या वरच्या दाढेचं रूट कॅनाल झालं होतं, म्हणजे मुळांतल्या तिन्ही नळ्या साफ करून भरल्या होत्या. तरी ठणका जाईना. दोनदा ती माझ्यासमोर बसली आणि दोन्ही वेळा मी दाखवलं, सगळं ठीक आहे.

"जाऊबाई म्हणतात, कामाचा कंटाळा आला की हिची दाढ दुखते," ती म्हणाली. "तुम्हालाही तसंच वाटतं का हो?"

"फोटोत काहीच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फारच त्रास असेल तर काढून टाकू."

दुसऱ्या बाजूला तिला एकही दाढ उरली नव्हती. ही गेली तर चावायचं कशाने? पण वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. "काढा," ती म्हणाली.

काढण्याआधी शेवटचा एक फोटो घ्यायचा ठरला. माझ्या कोपराचा स्क्रू ढिला झाला होता. सिस्टर बाहेर गेल्या आणि माझा हात हळूच बाजूला सरकला.

"हे काय, सिस्टर? दाढा एकमेकींवर चढल्यात," डॉक्टरीणबाई वैतागल्या. पण टोपलीकडे गेलेला त्यांचा हात मध्येच थांबला. त्यांनी फिल्म पुन्हा उजेडात धरली. एका मुळातली भरलेली नळी मधोमध नव्हती, एका कडेला होती, आणि तिच्या शेजारी केसाएवढी काळी रेघ होती. चौथी नळी, साफ करायची राहून गेलेली. सरळ फोटोत ती पुढच्या नळीमागे दडून बसायची.

"तुमचं बरोबर होतं, टेलरताई. चूक आमची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती नुसती रडत राहिली.

दाढ वाचली. माझं कोण कौतुक झालं. तेव्हापासून प्रत्येक दाढेचे दोन फोटो निघू लागले, एक सरळ आणि एक तिरका.

मग नवी मशीन आली. ती डोक्याभोवती चक्कर मारते आणि मूळ सगळ्या बाजूंनी दाखवते. हुशार आहे, नाही कशाला म्हणू? माझी वायर काढली गेली. आता एकटेपण खायला उठतं.

टेलरताई अजून तपासणीला येते. भिंतीपलीकडून तिचं हसणं ऐकू येतं. सगळे म्हणतात, मी तिची दाढ वाचवली. पण तिला दोनदा खोटं पाडलं तेही मीच. तिची माफी मागायची राहूनच गेली.

मित्रांनो, कोणी दुखतंय म्हणालं आणि तुम्हाला काही दिसलं नाही, तर त्याला खोटं ठरवण्याआधी जरा बाजूला होऊन बघा. मला आपणहून वळता येत नव्हतं. तुम्हाला येतं.