एकाच शाळेची यादी

पंकजाने एक ओळ पिवळी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या ओळीतल्या क्रमांकावर फोन लावला. रिंग वाजत होती तोवर ती नकाशावरची एक टाचणी शोधत राहिली. कोपरगाव तालुक्यातली एक शाळा थेट उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात जाऊन पडली होती. कुणीतरी अक्षांश आणि रेखांश उलटे भरले होते. तिने आकड्यांची अदलाबदल केली तशी शाळा गोदावरीच्या काठी परत आली.

जिल्ह्यातल्या ज्या शाळांत मुलं प्रकल्प करत शिकतात, त्यांची यादी नगरमधल्या एका संस्थेला इंटरनेटवर टाकायची होती. शाळांनी पाठवलेली माहिती एक्सेलच्या एका लांबलचक तक्त्यात होती. प्रत्येक ओळीचं एक पान करायचं, तालुका निवडला की तिथल्या शाळा समोर याव्यात अशी सोय करायची, आणि त्याआधी एकेका शाळेला फोन करून सगळं तपासायचं, हे काम पंकजाकडे होतं. हे काम तिला अजिनाथ सरांनी दिलं होतं. कॉलेजात ते तिला शिकवायला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही संस्था हातात घेतली होती.

‘प्रकल्प’ या रकान्यात बहुतेक ठिकाणी तेच ते होतं. ज्वालामुखीची प्रतिकृती. सूर्यमाला. वाहतुकीचे नियम. फोटोंतली मुलं थर्माकोलच्या मागे हात बांधून उभी. पंकजाने नुकत्याच पिवळ्या केलेल्या ओळीत मात्र दोनच शब्द होते: टँकर मोजणे.

“हॅलो, चिंचदरा शाळा का?” फोन उचलला गेला तशी ती म्हणाली. “मी यादीच्या कामासाठी बोलतेय. तुमच्या प्रकल्पाच्या रकान्यात काहीतरी चुकून आलंय बहुतेक.”

“चुकून नाही आलं.” पलीकडचा बाईंचा आवाज शांत होता. “मुलं टँकरच मोजतात.”

“म्हणजे किती आले ते?”

“किती आले ते नाही. केवढा आला ते.” बाई हसल्या. “असं फोनवर नाही कळायचं. एखाद्या सकाळी या की इकडं.”

*

पाथर्डीहून पुढे एसटी जिथवर जाते तिथवर पंकजा गेली आणि उरलेला चढ दुधाच्या गाडीतून. मार्च संपत आला होता. डोंगराच्या कुशीतली निम्मी घरं अजून कुलपात होती. ऊसतोडीला गेलेली माणसं कारखान्यांवरून परतायची होती. शाळा म्हणजे दोन खोल्या, एक कडुलिंब आणि पुढे उतरतं मैदान. त्या मैदानावर निळी टिपाडं ओळीने मांडलेली होती.

सत्यशीलाबाई चाळिशीच्या, उंच, उन्हाने रापलेल्या. त्यांनी पंकजाला लिंबाखाली बसवलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. पंकजाने दोन घोट घेतले आणि उरलेलं पाणी सांडू नये म्हणून तांब्या जपून खाली ठेवला.

“चौथीला लिटर शिकवायचं होतं,” बाई सांगू लागल्या. “मापं होती, पाणी नव्हतं. म्हटलं, टँकरच्या दिवशी शिकू. आधी एका टिपाडात किती मावतं ते लिटरनं भरून पाहिलं. दोनशे. मग टँकर आला तेव्हा सगळी टिपाडं मोजली. टँकर दहा हजारांचा, कागदावर तसंच असतं. मुलांचा गुणाकार काही जमेना. मला वाटलं पोरं चुकली, पुन्हा करायला लावलं. पुढच्या खेपेला पुन्हा मोजलं. तेव्हा कळलं, पोरांचा गुणाकार बरोबरच होता.”

टँकर चढ चढून आला. ड्रायव्हरने मुलांकडे न बघता पाइप सोडला. एक टिपाड भरलं की रेश्मा नावाची मुलगी शाळेच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढायची आणि बाकीची पोरं ओरडून आकडा सांगायची. चौतिसाव्या टिपाडाला पाइप गुरगुरला आणि थांबला. दहा हजारांत पन्नास भरायला हवी होती.

“बाई, कशाला उन्हातान्हात उभी करता लेकरं?” ड्रायव्हर पाइप गुंडाळत म्हणाला.

“शाळा चालू आहे,” सत्यशीलाबाई म्हणाल्या.

रेश्माची आजी कडूबाई तिथेच हंडा घेऊन उभी होती. पाहुणी कोण म्हणून तिने पंकजाकडे निरखून पाहिलं आणि आपण होऊन बोलायला लागली. “आदी आमाला वाटायचं, आपलीच टिपाडं मोठी झाली का काय! पानी पुरंना म्हून सासवा-सुनांची भांडनं लागायची. तू जास्त घेतलं, तू जास्त घेतलं. पोरींनी मोजलं तवा डोकं ठिकान्यावर आलं आमचं.”

मुलांनी तालुक्याला अर्ज केला होता. उत्तर आलं नव्हतं. बाईंना मात्र दोघा-तिघांनी आडून सांगितलं होतं, की डोंगरातल्या शाळेवर बाईमाणसाला जड जातं, बदली करून घ्यायची असेल तर सोय होईल.

“मग?”

“मी म्हटलं, जड नाही जात.” बाईंनी पदराने मान पुसली. “खरी काळजी वेगळी आहे. पट कमी म्हणून शाळा बंद करायचा विषय दरवर्षी निघतो. तुमच्या यादीत नाव आलं, चार लोकांनी पाहिलं, तर बंद करणारा जरा विचार करील. म्हणून माहिती पाठवली.”

“पण प्रकल्पाच्या रकान्यात दुसरं काही...”

“तुम्ही विचारलं होतं, मुलांनी काय केलं. जे केलं ते लिहिलं.”

पंकजाने फोटो काढले. टिपाडांचे, भिंतीवरच्या रेघांचे, रेश्माच्या काळ्या बोटांचे. नगरला परतल्यावर तिने चिंचदऱ्याचं पान इतर कुठल्याही पानापेक्षा मन लावून बनवलं.

*

यादीच्या उद्घाटनाच्या आठवड्यात अजिनाथ सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा होता. पंकजाने वरची पत्रिका उचलून प्रमुख पाहुण्यांचं नाव वाचलं. पूर्वेकडच्या दोन तालुक्यांत या पाहुण्यांच्या भावाचे टँकर चालतात हे जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

“ते चिंचदऱ्याचं पान,” सर म्हणाले. “ती ओळ काढून टाक.”

“का, सर?”

“का ते तुला माहीत आहे.”

“माहिती चुकीची आहे का? मी स्वतः पाहून आले.”

“चुकीची आहे असं मी म्हटलं नाही.” सरांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. त्यांचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. “हे बघ, पंकजा. दोनशे शाळा आहेत या यादीत. त्यांच्यासाठी पाहुण्यांकडून विज्ञानपेट्या यायच्यात. एका ओळीपायी त्या सगळ्यांना मागे ठेवायचं? तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?”

पंकजाने हातातली पत्रिका गठ्ठ्यावर परत ठेवली. सर जरा मऊ झाले.

“बरं, काढू नकोस. शब्द बदल. टँकर मोजणे नको, जलसाक्षरता म्हण. शाळेचं नावही राहील. त्या बाईंनाही तेच हवंय ना?”

हे मात्र खरं होतं. पंकजा बाहेर आली आणि जिन्यात उभं राहून तिने चिंचदऱ्याला फोन लावला. सगळं जसंच्या तसं सांगितलं, सरांचं म्हणणंही. शब्द बदलला तर नाव राहील. नाही तर नाही.

सत्यशीलाबाई म्हणाल्या, “प्रकल्प माझा नाही. थांबा, ज्यांचा आहे त्यांना विचारते.”

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. बाई मुलांना समजावून सांगत होत्या. कसलीही सारवासारव न करता, जशी त्यांनी लिटरची गोष्ट सांगितली असेल तशी. मग एकच गलका झाला आणि त्यातून एक आवाज फोनच्या अगदी जवळ आला.

“ताई, मी रेश्मा बोलतीय. ते दुसरं काय म्हनलात तुमी?”

“जलसाक्षरता.”

“ते आमी केलंच न्हाई. आमाला ठावं बी न्हाई ते काय असतं. आमी टँकर मोजला.”

“मग नाव येणार नाही गं यादीत.”

“नसू द्या,” रेश्मा म्हणाली. “मोजलाय तर मोजलाय.”

पंकजा परत केबिनमध्ये गेली. जाताना तिने आपल्या टेबलावरचा उघडा लॅपटॉप उचलला. तिने तो सरांच्या पुढ्यात ठेवला.

“मी ती ओळ काढणार नाही, सर. शब्दही बदलणार नाही. काढायचीच असेल तर तुम्ही काढा. ही ओळ निवडायची आणि हे बटण दाबायचं.”

“मला तू बटणं शिकवतेस?”

“तुम्हीच मला शिकवली होती,” पंकजा म्हणाली. तिने हात पाठीमागे बांधले. “पण हे मी करणार नाही.”

सरांनी लॅपटॉप जवळ ओढला, ओळ निवडली आणि बटण दाबलं. तक्ता किंचित हलला. खालची ओळ वर सरकली. लॅपटॉप न मिटता ते तसेच पडद्याकडे बघत बसले. पंकजाने आपल्या टेबलावरून डबा, ओढणी आणि फोनचा चार्जर घेतला आणि ती जिना उतरली.

*

उद्घाटन झालं. वर्तमानपत्रात बातमी आली, फीत कापतानाचा फोटोही. पंकजाने तो पाहिला आणि पेपर घडी करून आईकडे दिला.

तिची आई केशरबाई तरुणपणी बरीच वर्षं ऊसतोडीला गेलेली. कारखान्याच्या तळावर उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत पंकजाने अक्षरं गिरवली होती. नोकरी सोडल्यावर आई तिला बोलली नव्हती; फक्त ताटात भाकरी वाढताना जरा जोरात वाढत होती.

पंकजा जेवण झालं की घरचा जुना लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसायची. तिने स्वस्तातलं एक संकेतस्थळ घेतलं होतं. नकाशा तोच, जिल्ह्याचा. त्यावर टाचणी एकच. खाली तिने मथळा लिहिला: ‘मुलांनी खरंच काय केलं’. त्याखाली चिंचदऱ्याची टिपाडं, रेघा आणि गुणाकार.

आई मागे येऊन उभी राहिली. तिने पडदा नीट पाहून घेतला.

“ह्ये काय?”

“शाळांची यादी.”

“हितं तर एकच शाळा हाय.”

“हो.”

“एकाच शाळेची यादी कुठं असती व्हय?”

“ही आहे ना,” पंकजा म्हणाली.

आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला नाही की काही नाही. ती आत गेली आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

पान शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरलं. कुणी अंगठे दिले, कुणी गप्प राहिलं, एकाने ‘शिक्षकांनी राजकारणात पडू नये’ असं लिहिलं. चिंचदऱ्याहून कळलं, की सत्यशीलाबाईंना वरून खुलासा मागितला आहे. पंकजाने लगेच तिथे फोन लावला. तिने विचारलं, पान खाली घेऊ का? बाई म्हणाल्या, खुलासा मागणाऱ्या साहेबांना मी टँकरच्या दिवशी या म्हणून कळवलंय. ते येईपर्यंत तर राहू द्या. साहेब काही आले नाहीत. टँकर तेवढाच येत होता. आता गावातल्या बायाही रेघा ओढत होत्या.

त्यानंतर एका दुपारी अनोळखी क्रमांकावरून फोन आला. माणूस श्रीरामपूरकडचा होता, बेलापूरच्या पुढे एका वस्तीवरच्या शाळेत शिक्षक. नाव त्याने सांगितलं नाही.

“तुमच्या त्या यादीत आणखी शाळा घेता का?”

“घेते की. तुम्ही त्या मोठ्या यादीत नाही आहात का?”

“आहोत. सूर्यमाला म्हणून. आमचा प्रकल्प तो नव्हता. मीच घाबरून तसं लिहून दिलं होतं. परवा सरांना फोन केला, म्हटलं दुरुस्त करता येईल का. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, इथं नाही बसायचं हे. आणि तुमचा नंबर दिला.”

“कुठल्या सरांनी?” पंकजाने विचारलं.

“अजिनाथ सरांनीच. म्हणाले, तिला सांगा, ती काढणार नाही.”

पंकजा ओसरीच्या पायरीवर बसली. समोर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मग तिने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि नवीन पान उघडलं.

“सांगा. काय केलं होतं मुलांनी?”

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मास्तरांचा आवाज आता हळू झाला होता, पण स्पष्ट होता.

“सातवीनंतर ज्या पोरींनी शाळा सोडली, त्यांना माझी पोरं शोधत गेली. घरोघर जाऊन विचारलं. कुणाचं लग्न कधी लावलं, वय काय होतं, आता कुठं असतात. नकाशा केलाय त्यांनी. पोरींच्या घरच्यांची नावं नाही टाकली, तेवढं मी बघितलंय. त्यातली एक घरी परत आलीय. आता पुन्हा शाळेत बसते.”

पंकजाची बोटं चालत होती, मग थांबली.

“हे लिहिलं तर तुम्हाला त्रास होईल, मास्तर. गावातच राहता ना तुम्ही? हवं तर तुमचं नाव देऊ नका. नुसती शाळा टाकते.”

मागे कुठेतरी मुलं पाढे म्हणत होती.

“लिहून घ्या,” ते म्हणाले. “गोरक्षनाथ.” आणि मग वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका, एकेक शब्द सुटा सुटा करून, तिला नीट ऐकू जावा म्हणून मोठ्याने सांगत गेले.