नदीपलीकडचा नमुना

आमच्या प्रयोगशाळेचा सगळा कारभार थुंकीवर चालतो. लोक थुंकतात, आम्ही ती जिवापाड जपतो. नदीच्या अलीकडची आणि पलीकडची माणसं जनुकांनी किती वेगळी, हे आम्ही शोधत होतो. होडीने गेलं तर अंतर फारसं नाही, पण दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक झाली नाही. त्यामुळे संगणकावर ठिपक्यांचे दोन स्वतंत्र पुंजके पडायचे.

पलीकडच्या एका पुरुषाचा ठिपका मात्र आमच्या पुंजक्यात येऊन बसला. वर तो माझ्याच नमुन्याशी निम्मा जुळत होता. कुणाची लाळ चुकून मिसळली तर कळावं, म्हणून आमचेही नमुने ठेवलेले असतात.

"मास्क काढून गप्पा हाणल्या असशील," सर म्हणाले. माझं तोंड कसं चालतं ते सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे मी निमूटपणे नमुना पुन्हा तपासला. पुन्हा तेच. सरांनी चष्मा काढला.

"ही भेसळ नाही गं. बाप-लेकीचं असं जुळतं. तुझे वडील कुठे असतात?"

बाबा माझ्या लहानपणी कामासाठी पलीकडे गेले ते गेलेच. होडी उलटली असेल, असं नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं. आईने कुणाशी वाद घातला नाही, पण ते गेले असं तिच्या तोंडून कधी आलं नाही. मी मात्र प्रत्येक शाळेत, प्रत्येक समारंभात दाराकडे बघत मोठी झाले.

आम्ही नावं घेत नाही, नळीवर फक्त क्रमांक असतो. तरी पलीकडे नमुने घ्यायच्या शिबिरात प्रत्येकाला नळी मीच दिली होती. म्हणजे बाबा माझ्यासमोर बसून गेले होते, आणि मी नाकापर्यंत मास्क चढवलेला. कोण असतील? सारखा खोकणारा? की "पोरी, एवढ्या थुंकीचं करतेस तरी काय?" म्हणून हसवणारा? तेच असावेत असं मला फार वाटलं.

घरी आई भाजी निवडत होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"जिवंत आहेत?" तिचा चेहरा उजळला. "मग विचारलं नाहीस, मूळचे कुठले म्हणून?"

"विचारलं होतं." तो आमचा नियमच आहे. चारही आजी-आजोबा त्याच काठचे असतील, तरच नमुना घ्यायचा.

"काय म्हणाले?"

"सगळेच 'इथलेच' म्हणाले, आई. एकही जण 'नाही' म्हणाला नाही."

तिने हातातला देठ मोडून बाजूला टाकला. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर निदान चार शिव्या तरी घालेल.

"आवाज कसा होता गं?" तिने विचारलं. "आता बसला असेल, नाही?"

मला एकही आवाज धड आठवत नव्हता.

"छे," मी म्हणाले, "चांगला खणखणीत होता."